एकवीस सेकंदांचा सैनिक

यंदाच्या चवथीला आम्ही सगळे गावच्या घरी जमलो होतो. दीड दिवसाचा गणपती पोचवून झाला, माटोळी उतरली, पण पाऊस काही थांबायचं नाव घेईना. मोठी मंडळी पत्ते कुटत बसली आणि माझा भाचा ओसरीच्या कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसला. तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरात त्याच्याविषयी तक्रार एकच : हा सारखा "ते लढाईचं" खेळत असतो. मला ती तक्रार मनापासून करता येत नाही, कारण "ते लढाईचं" मीही खेळलेलो आहे. २००१-०२ च्या सुमारास म्हापशाच्या एका सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून आम्ही चौघे मित्र रात्री उशिरापर्यंत 'एज ऑफ एम्पायर्स'चा दुसरा भाग खेळायचो. तेव्हा एकाच खोलीतले चार संगणक तारांनी जोडलेले असायचे. आता भाचा ओसरीवर बसून, पुण्याच्या मित्राला जोडीला घेऊन, जगात कुठे तरी बसलेल्या अनोळखी दोघांशी लढतो. खेळ मात्र तोच, १९९९ साली आलेला. २०१९ मध्ये त्याची नव्याने रंगरंगोटी झाली आणि आज विशीतली पोरं तो खेळताना दिसतात.

म्हणून मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. समोरच्याचे दहा-बारा घोडेस्वार ह्याच्या वस्तीत घुसले होते. ह्याने चाळीसेक भालेवाले त्यांच्या अंगावर सोडले. तेवढ्यात झाडीमागून शत्रूचे तिरंदाज पुढे सरकताना दिसले.

"अरे, तिरंदाज आले! हे सगळे मरतील तुझे," मी म्हणालो.

"मरू देत मामा," पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला. "ट्रॅश आहेत ते."

ट्रॅश म्हणजे कचरा. पोरगा उद्धटपणे बोलला असं नव्हे. हा त्या खेळातला जवळजवळ पारिभाषिक शब्द आहे आणि जगभरचे खेळाडू तो वापरतात. ज्या सैनिकाच्या भरतीला सोनं लागत नाही, नुसतं धान्य आणि लाकूड लागतं, तो ट्रॅश. भालेवाला, हलकी भाली फेकणारा पायदळातला माणूस, हलका घोडेस्वार, हे सगळे त्यात आले. पण तो शब्द त्या दिवशी माझ्या डोक्यात जाऊन बसला तो निघेना. आजचा हा लेख त्यामुळेच.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सुरुवातीला तुमच्याकडे एक टाउन सेंटर, तीन गावकरी आणि टेहळणीचा एक स्वार असतो. गावकऱ्यांनी मेंढ्या मारायच्या, बोरं तोडायची, शेतं करायची, लाकूड तोडायचं, सोनं आणि दगड खणायचे. पन्नास धान्य मोजलं की पंचवीस सेकंदांत आणखी एक गावकरी मिळतो. पाचशे धान्य साठलं की अंधारयुगातून सरंजामी युगात जाता येतं, पुढच्या युगाला आठशे धान्य आणि दोनशे सोनं, त्याच्या पुढच्याला हजार धान्य आणि आठशे सोनं. सैन्य ह्या सगळ्यातून उभं करायचं. मूळ खेळात साधा तलवारवाला साठ धान्याला आणि वीस सोन्याला पडतो. बराकीवर टिचकी मारली की एकवीस सेकंदांत तो पूर्ण वाढलेला, तलवार-ढालीसकट बाहेर येतो. भालेवाला घोडेस्वाराला भारी, तिरंदाज भालेवाल्याला भारी, घोडेस्वार तिरंदाजाला भारी. तेव्हा शत्रू काय भरती करतो ते पाहून आपली भरती ठरवायची, ह्यात खरं डोकं लागतं.

आता आधी ह्या खेळाची बाजू घेतो, कारण घरातल्या मंडळींना वाटतं तसा तो नुसता मारामारीचा खेळ नाही. उलट एका बाबतीत तो आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांपेक्षा प्रामाणिक आहे. आपल्या कादंबऱ्यांत राजे हाक देतात आणि दहा हजारांची फौज डोंगरातून उसळून येते. ती काय खाते, तिच्या घोड्यांना चंदी कुठून येते, हे विचारायचं नसतं. विचारलंच तर रसभंग होतो! ह्या खेळात मात्र शेतकरी नसेल तर सैनिक नाही. नवखा खेळाडू पहिल्या दहा मिनिटांत हौसेने सैनिक काढत बसतो आणि हमखास हरतो, मुरलेला खेळाडू आधी शेतं वाढवतो. सैन्याच्या मुळाशी नांगर आहे हे माझ्या भाच्याला कुठल्याही इतिहासाच्या पुस्तकाने शिकवलं नाही, ते त्याला ह्या खेळाने शिकवलं. त्याबद्दल त्या खेळाचे आभारच मानायला हवेत.

माझं भांडण सुरू होतं ते बराकीच्या दारापासून. धान्य मोजलं, सोनं मोजलं, पण वेळ कुठे मोजला? माणूस कुठून आला?

इंग्रजांचा लांब धनुष्याचा तिरंदाज घ्या. खेळात इंग्रज निवडले की त्यांच्या किल्ल्यातून तो वीस सेकंदांच्या आत तयार होतो. खऱ्या इंग्लंडात तिसऱ्या एडवर्ड राजाने १३६३ मध्ये फर्मान काढलं होतं, की सणासुदीच्या दिवशी धडधाकट पुरुषांनी धनुष्याचा सराव करावा, चेंडूचे आणि तसले रिकामटेकडे खेळ बंद. (खेळांविरुद्ध तक्रार करणारी मंडळी तेव्हाही होती, हे घरी सांगायला हवं.) असं फर्मान काढावं लागलं, कारण तो धनुष्य ओढणारा खांदा महिन्या-दोन महिन्यांत तयार होत नाही, त्याला पोरवयापासून सराव लागतो. १५४५ मध्ये बुडालेलं 'मेरी रोझ' हे इंग्लंडचं लढाऊ जहाज १९८२ साली समुद्रातून वर काढलं. त्यातल्या माणसांच्या सांगाड्यांत काहींच्या खांद्याच्या हाडांवर अभ्यासकांना आयुष्यभर धनुष्य ओढल्याच्या खुणा दिसतात. १४१५ च्या आझँकूरच्या लढाईत फ्रेंच सरदारांची दाणादाण उडवणारे ते तिरंदाज असे पिढ्यापिढ्यांच्या रविवारांतून घडले होते. म्हणूनच ते मेले की तसे पुन्हा काढता येत नसत.

आणि घोडा! खेळात जड चिलखती घोडेस्वार साठ धान्य आणि पंचाहत्तर सोन्याला मिळतो, घोडा त्यातच आला. ह्यावर गोवेकराने तरी हसायला हवं. घोडा हा आपल्या बंदराचा केवढा मोठा धंदा होता! दख्खनच्या हवेत चांगल्या लढाऊ घोड्यांची पैदास होत नसे. अरबस्तानातून आणि होर्मुझकडून ते गलबतांत घालून आणावे लागत. विजयनगर आणि बहमनी ह्या दोन्ही सत्तांना गोवा हवं होतं त्याचं एक मोठं कारण हे घोडे. महमूद गावानने १४७२ मध्ये गोवा घेतलं तेव्हा विजयनगरची ही एक नाडीच त्याच्या हाती आली. पुढे १५१० मध्ये अल्बुकर्कने गोवा जिंकल्यावर पोर्तुगिजांनी घोड्यांच्या गलबतांना गोव्यातच यायला लावलं आणि त्यावरची जकात हा इथल्या तिजोरीचा मोठा आधार झाला. फेर्नांव नुनिश हा पोर्तुगीज स्वतः घोड्यांचा व्यापारी. त्याने विजयनगरच्या नरसिंह राजाविषयी लिहून ठेवलं आहे, की हजार पारदांवांना तीन ह्या भावाने तो घोडे घ्यायचा, जिवंत असोत वा मेलेले. जे समुद्रातच मरत त्यांची नुसती शेपटी आणून दाखवली तरी पूर्ण पैसे मिळत. मेलेल्या घोड्याच्या शेपटीला जिवंत घोड्याचा भाव! घोड्यांची आवक आटू नये म्हणून राजा एवढं सोसत होता. माझ्या भाच्याला मी ही गोष्ट सांगितली, तर म्हणाला, "मामा, मग नाइटची किंमत पंचाहत्तर नाही, सातशे पाहिजे."

बरोबर बोलला.

त्यानंतर येतं ते अपग्रेड. शंभर धान्य आणि चाळीस सोनं दिलं की थोड्या वेळाने नकाशावरचा प्रत्येक साधा तलवारवाला, मग तो कुठेही असो, अगदी ऐन लढाईत असला तरी, त्या एका क्षणी वरच्या दर्जाचा होतो. डोक्यावर नवं शिरस्त्राण, हातात बरी ढाल. शेवटी साडेसातशे धान्य आणि साडेतीनशे सोन्यात तो 'चॅम्पियन' होतो. लोहाराचं घर बांधून तलवारीची धार, बाणाचं टोक, चिलखत असं एकेक सुधारत जायचं. लोहाराच्या घरात लोहार मात्र नाही! गोव्यातले बंदुका घडवणारे कारागीर बोहेमियातल्या कारागिरांच्या तोडीचे आहेत, असं अल्बुकर्कने पोर्तुगालच्या राजाला कळवलं होतं. सैन्याचं अपग्रेड म्हणतात ते त्या माणसांच्या हातात होतं. आणि ते हात राज्य बदललं म्हणून विद्या विसरले नाहीत, आदिलशाहीत घडवत होते तसंच पोर्तुगिजांसाठीही घडवू लागले.

शिवाय एका क्षणात अख्खं सैन्य सुधारतं ही कल्पना कुठल्याही खऱ्या राजाला स्वप्नातच दिसली असेल. आपल्याकडे किती सैन्य आहे हेच त्या राजांना नीट कळत नसे. अकबरासारख्या बादशहाला १५७० च्या दशकात घोड्यांवर डाग द्यायची आणि शिपायांची चेहरेपट्टी लिहून ठेवायची पद्धत लावावी लागली, कारण मनसबदार हजेरीच्या दिवशी उसने घोडे आणि भाड्याची माणसं उभी करत. शिवाजी महाराजांच्या घोडदळात सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार, हा भेद आपण शाळेत शिकलो. सभासदाच्या बखरीत त्यापुढचा तपशील आहे : पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पावसाळ्यात फौज आपल्या मुलखात छावणीला परत यायची, दसऱ्याला पुन्हा मुलूखगिरीला निघायची. निघताना आणि परतताना प्रत्येकाच्या चीजवस्तूची नोंद व्हायची. सैन्य म्हणजे पखालजी, नालबंद, कारकून आणि चार महिन्यांचा पाऊस. ह्यातलं काहीच त्या पडद्यावर नाही. तिथे एकदा सैनिक काढला की पुढे त्याला पगार नाही, भाकरी नाही, आजार नाही. तो तासन् तास उभा राहतो.

न्याय म्हणून सांगायला हवं, की सगळेच खेळ असे नाहीत. २००४ मध्ये आलेला 'ट्रॅव्हियन' हा ब्राउझरवर खेळायचा खेळ अनेकांना आठवत असेल, कचेरीत साहेबाची नजर चुकवून तो खेळणारे काही जण माझ्या ओळखीचे आहेत. त्याचा काळ मध्ययुगाच्या आधीचा, रोमन आणि गॉल लोकांचा. पण त्यात सैनिक दर तासाला धान्य खातात, कोठार रिकामं झालं की उपाशी मरतात. रात्री गजर लावून उठून धान्य पाठवणारा एक मित्र मला ठाऊक आहे. त्याला फौज पोसणं म्हणजे काय ते थोडं तरी कळलं असेल.

'एज ऑफ एम्पायर्स'मध्ये २०१५ पासून पोर्तुगीजही आहेत, हे भाच्याने मला मोठ्या उत्साहाने दाखवलं. त्यांचे सैनिक कमी सोन्यात पडतात. आणि त्यांची खास इमारत म्हणजे 'फेइतोरिया', आपल्या भाषेत वखार. ती बांधली की वीस माणसांची जागा अडते, पण तिच्यातून धान्य, लाकूड, सोनं, दगड सगळं आपोआप ठिबकत राहतं. शेतकरी लागत नाही, खाण लागत नाही. मी म्हटलं, "अरे, हे धान्य येतं कुठून?" तो म्हणाला, "येतं, बस्स." साडेचारशे वर्षं त्या वखारीच्या दुसऱ्या टोकाला कोण होतं हे गोव्यातल्या माणसाने तरी विचारायला नको का? आणि स्वस्त सैनिकांचं म्हणाल तर खऱ्या पोर्तुगिजांना इथे माणसांची कायम चणचण. अल्बुकर्कने आपल्या लोकांची लग्नं इथल्या बायकांशी लावून त्यांना इथेच वसवलं, त्यामागे हेही एक कारण होतं.

आता दोन गोष्टी सांगतो, ज्या मला सर्वांत जास्त टोचल्या.

एक, डिलीटचं बटण. खेळात माणसांची मर्यादा साधारणपणे दोनशे असते. त्यातले शंभर-सव्वाशे गावकरी. शेवटी शेवटी जागा कमी पडते, तेव्हा खेळाडू गावकऱ्यांनाच डिलीट करतात, म्हणजे जागच्या जागी मारून टाकतात आणि त्या जागी सैनिक काढतात. ज्यांनी अर्धा-पाऊण तास लाकूड तोडलं, शेतं केली, ती माणसं. भाच्याने माझ्यादेखत वीसेक गावकरी असे काढून टाकले. तिथे तो शब्द गार बसतो : जागा मोकळी केली.

दुसरी, 'हेरेसी' नावाची एक सुधारणा. खेळात धर्मगुरू असतो, तो मंत्र म्हणून शत्रूचा सैनिक आपल्या बाजूला वळवू शकतो. त्यावर उपाय म्हणून हजार सोनं देऊन ही सुधारणा घ्यायची. मग आपला सैनिक शत्रूकडे वळायच्या क्षणी मरून पडतो. सैनिकाचं मन बदलू शकतं, ही एकच जागा ह्या खेळात आहे. आणि तिच्यावरचा इलाज मरण. भरतीचा वेग तेहतीस टक्क्यांनी वाढवणारी एक सुधारणा आहे, तिचं नाव 'कॉन्स्क्रिप्शन', म्हणजे सक्तीची भरती. शब्दकोशात ह्या शब्दामागे घरातून ओढून नेलेला मुलगा आहे, खेळात फक्त यंत्राचा वेग आहे.

माझं आजोळ सत्तरीतलं. तिकडे राण्यांच्या बंडांच्या गोष्टी अजून सांगतात. त्यातलं १८९५ चं बंड सुरू झालं ते राण्यांपासून नव्हे, पोर्तुगीज फौजेतल्या मराठा शिपायांपासून. मोझांबिकमधला उठाव मोडायला त्यांना आफ्रिकेत पाठवायचा हुकूम सुटला आणि त्यांनी सरळ नकार दिला. ते उठले, सत्तरीचे राणे त्यांना येऊन मिळाले आणि प्रकरण इतकं वाढलं, की पोर्तुगालहून राजाच्या भावाला फौज घेऊन यावं लागलं. हे काही मध्ययुग नव्हे, हे मला कळतं. पण सैनिक म्हणजे काय ह्याचं उत्तर मला त्या नकारात जास्त सापडतं. नकाशावर बोट ठेवून "जा" म्हटलं, तर तो "जात नाही" म्हणू शकतो. त्याला घर असतं, समुद्र ओलांडायची भीती असते, आपण मेलो तर मागे काय होईल ह्याचा हिशेब असतो. सगळे राजे ह्या "जात नाही"ला भिऊन होते. पगार, वतन, लूट, शपथ, धर्म ही सगळी व्यवस्था त्या दोन शब्दांपायी उभी राहिली. खेळातून ते दोन शब्दच काढून टाकले आहेत.

तरीही भाच्याला "हे बंद कर" म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कारण तो जे बोलला ते आपण लिहितो. आपल्याकडच्या किती पुस्तकांत "पाच हजार कामी आले" हे वाक्य अर्ध्या ओळीत संपतं आणि पुढचं पान सरदाराच्या जखमेवर खर्च होतं? "मावळे" ह्या एका शब्दात आपण किती माणसांना कोंबलं आहे? ट्रॅश हा शब्द आपण वापरत नाही, आपण सभ्य माणसं. पण सोनं न लागणारा सैनिक मेला की त्याला मोजायचं नाही, हा नियम आपल्याला त्या पोरांइतकाच पाठ आहे. निदान त्यांच्या खेळात तो मेला की पस्तीस धान्य आणि पंचवीस लाकूड वाया गेलं असं दिसतं तरी. आपल्या पुस्तकांत तेवढाही हिशेब नसतो.

संध्याकाळी पाऊस जरा उघडला तेव्हा भाच्याला घेऊन गावच्या देवळाकडे फिरायला गेलो. देवळाच्या मागच्या बाजूला, चाफ्याखाली, एक वीरगळ आहे. गोव्यात असे दगड ठिकठिकाणी आहेत, कदंबांच्या काळातल्या वीरगळांवर तर गलबतांतल्या लढायाही कोरलेल्या सापडतात. आमचा मात्र साधा आहे, शेवाळलेला, तीन चौकटींचा. खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला वर घेऊन चालल्या आहेत, सगळ्यात वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला. नाव नाही, साल नाही. कोणी तरी गावासाठी किंवा गावच्या गुरांसाठी लढताना मेला आणि मागच्या लोकांनी त्याच्यासाठी एवढा दगड घडवून घेतला. लहानपणी आम्ही त्याच्यावर चढून चाफ्याची फुलं काढायचो.

भाचा खाली वाकून पहिली चौकट निरखत होता. बोटाने शेवाळ खरवडून त्याने वीराच्या हातातलं हत्यार पाहिलं.

"मामा, ह्याच्याकडे घोडा नाही," तो म्हणाला. "भालेवालाच आहे हा."

"हो."

"म्हणजे ट्रॅश."

मी काही बोललो नाही. त्याने मोबाइल काढून तिन्ही चौकटींचे फोटो घेतले आणि पुन्हा पाऊस लागला तसे आम्ही घराकडे निघालो. वाटेत त्याने विचारलं, "हा दगड घडवायला किती दिवस लागले असतील रे?"